जुन्या चित्रपटगीताला नवा ठोका लावला की गाणे का घसरते

प्रश्न सांगलीच्या एका तरुण कीबोर्डवादकाचा आहे. आपल्या ऑर्केस्ट्रासाठी साठच्या दशकातील हिंदी चित्रपटगीतांचा सहा मिनिटांचा रीमिक्स त्याला करायचा आहे आणि त्याच्या तीन अडचणी आहेत. मूळ गाण्याखाली ड्रमचा ठोका लावला की पहिली ओळ बरोबर बसते, पण दोन ओळींनंतर गाणे घसरते. दोन गाणी एकमेकांत मिसळताना सॉफ्टवेअर म्हणते की पट्टी जुळते आहे, पण कानाला ते बेसूर लागते. तिसरी अडचण कायद्याची आहे: गाणे साठ वर्षांपूर्वीचे असेल तर ते आता ‘सर्वांचे’ झाले, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. ते कितपत खरे, असे तो विचारतो. सोबत त्याने आपल्या गाण्यांची यादीही पाठवली आहे.

मी गेली पंचवीस वर्षे पुण्यात ध्वनिमुद्रण आणि मिश्रणाचे काम करतो. त्यातली पहिली काही वर्षे मी अशाच रीमिक्सवर पोट भरले, त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यातील बरेचसे आधी स्वतः चुकून शिकलेले आहे.

पहिल्या अडचणीचे उत्तर ते गाणे जन्माला कसे आले यात आहे. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी त्या काळी गायिका, ढोलक-तबला, व्हायोलिनचा ताफा, ॲकॉर्डियन, बासरी हे सगळे एकाच वेळी वाजत असत आणि एकाचे चुकले तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. कोणाच्याही कानात ‘टक टक’ करणारा क्लिक नव्हता. लय धरली होती ती ढोलकवाल्याच्या हातांनी, वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या खुणांनी आणि गाणाऱ्याच्या श्वासाने. अशी लय सजीव असते, म्हणजेच ती हलते. मुखडा थोडा सावकाश निघतो, मधल्या संगीतात व्हायोलिने ती पुढे रेटतात, अंतरा किंचित चढ्या लयीत जातो, आणि मुखड्याकडे परतताना गायिका ओळीचा शेवट जरासा लांबवते तेव्हा ढोलकवाला तिच्यासाठी थांबतो. श्रोत्याला हे कधी जाणवत नाही. जाणवते ते त्याखाली यंत्राचा ठोका ठेवल्यावर.

किती फरक पडतो हे आकड्यांत पाहू. समजा, मुखडा १०४ बीपीएमला (मिनिटाला १०४ ठोके) आहे, अंतरा १०८ ला पोहोचतो आणि तुम्ही सुवर्णमध्य म्हणून संगणकाला १०६ सांगितले. १०४ च्या लयीत एका ठोक्याला ५७७ मिलिसेकंद लागतात, १०६ च्या लयीत ५६६. प्रत्येक ठोक्याला ११ मिलिसेकंदांची चूक म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण ती साठत जाते. चार ठोक्यांचे चार बार झाले की तुमचा ड्रम गाण्याच्या पावणेदोनशे मिलिसेकंद पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे ढोलकाची थाप आणि तुमचा किक (मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका) वेगवेगळे ऐकू येतात आणि घोडा लंगडत चालल्यासारखा आवाज होतो. तुमची ‘दोन ओळींनंतर घसरते’ ही तक्रार हीच आहे.

यावर बहुतेक जण जो उपाय करतात तो रोगापेक्षा वाईट आहे. ते सॉफ्टवेअरला प्रत्येक ठोका ओळखायला सांगतात आणि प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या जाळीवर खिळ्यासारखा ठोकतात. गाणे मग ड्रमबरोबर अचूक चालते, पण ढोलकाची लग्गी, म्हणजे ठेक्याची जलद नटवलेली चाल, शिपायाच्या कवायतीसारखी होते आणि ताणलेल्या जागी आवाज थरथरतो. मी खुणा फक्त समेवर लावतो. आवर्तनाची पहिली मात्रा कुठे पडते ते कानाने ऐकायचे, लाटेच्या चित्रात ढोलकाच्या थापेचे टोक शोधायचे, तिथे मार्कर ठेवायचा आणि पुढच्या समेपर्यंत काहीही करायचे नाही. दोन समांच्या मध्ये वादकाने जे मागेपुढे केले असेल ते तसेच राहू द्यायचे. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला माझे साधारण तीन तास जातात. सॉफ्टवेअर हे काम तीस सेकंदांत करून देते आणि मग ते निस्तरण्यात पाच तास जातात.

त्यानंतर खरा निर्णय घ्यायचा असतो: गाण्याने ठोक्याकडे यायचे की ठोक्याने गाण्याकडे जायचे? नृत्याच्या मैदानासाठी एकामागून एक गाणी जोडणाऱ्या डीजेला स्थिर लय लागते, त्याला पहिल्या वाटेवाचून गत्यंतर नाही. तुमचा रीमिक्स मंचावर ऑर्केस्ट्रासोबत वाजायचा आहे. तुम्ही गाण्याच्या समांवरून लयीचा नकाशा तयार करा आणि संपूर्ण प्रोजेक्टचा टेम्पो त्या नकाशाप्रमाणे हलू द्या. ड्रम १०४ वरून १०८ वर जाईल आणि ते कोणालाही कळणार नाही, कारण गाणेही तिकडेच चालले असेल. ड्रमर मंचावर प्रत्यक्ष वाजवणार असेल तर त्याच्या कानात हाच हलणारा क्लिक द्या.

आता ठेक्याविषयी, कारण नवे मुलगे सर्वात जास्त इथे फसतात. बहुसंख्य जुनी चित्रपटगीते केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, आहेत: धा गे ना ति, ना क धि ना. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा सरळ चार ठोक्यांचा किक त्यावर ठेवला की तो पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. पाचवी मात्रा ही केहरव्याची खाली. तिथे डग्गा मुद्दाम गप्प असतो, खालचा घुमारा निघून जातो, आणि त्या पोकळीमुळेच पुढच्या समेला वजन येते. तुमचा किक नेमका त्या पोकळीत पाय देतो. गाणे जोरात वाजते, पण डोलत नाही, आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही. करून पाहण्यासारखा उपाय सोपा आहे: तिसरा किक काढून टाका, किंवा त्याचा खालचा भाग कापून तिथे नुसती टाळी किंवा हॅट (ड्रमसंचातली छोटी झांज) ठेवा. पहिल्याच आवर्तनात फरक कळेल.

दादऱ्यातील गाण्यांची परवड आणखी मोठी. सहा मात्रांचे गाणे चारच्या साच्यात कोंबण्यासाठी लोक ओळीच्या शेवटी दोन मात्रा ओढून आठ करतात, किंवा स्वर कापतात. याची गरज नसते. दादऱ्याच्या तीन मात्रा म्हणजे एक ठोका, असे धरा. मग एका आवर्तनात दोन ठोके होतात, दोन आवर्तनांत चार, आणि किक धा वर आणि चौथ्या मात्रेवर बसतो. हॅटने तीन-तीनची चाल धरली की झोका तसाच राहतो. दादरा ज्याला ओळखता येत नाही त्याने रीमिक्स करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार महिने तबल्याच्या वर्गाला गेल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

आवाज वेगळा काढण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तुम्ही ते करणारच आहात. पूर्वी आम्ही स्टिरिओच्या दोन बाजू एकमेकींतून वजा करून मधला आवाज घालवण्याची युक्ती वापरत होतो. साठच्या दशकातील मोनो गाण्यावर, जिथे दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, ती मुळातच लागू होत नाही, कारण वजा केले की सगळेच शून्य होते. डीझर कंपनीने २०१९ मध्ये गळा आणि वाद्ये वेगळी करणारे स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुले केले आणि त्याच सुमारास डेमक्ससारखी साधने आली, तेव्हापासून मोनो गाण्यातूनही गायिकेचा आवाज सुटा करता येतो. बीटल्सचे २०२३ मधील नवे गाणे जुन्या घरगुती टेपवरून अशाच तंत्राने त्यांचे दिवंगत गायक जॉन लेनन यांचा आवाज वेगळा करून पूर्ण झाले. मात्र आपल्या गाण्यांत एक पेच आहे. बासरी, व्हायोलिन किंवा सारंगी कित्येकदा गळ्याच्या अगदी सावलीसारखी तोच सूर धरून चालते, आणि यंत्राला गळा कुठे संपतो व तार कुठे सुरू होते हे समजत नाही. लांब स्वरांवर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. स्टुडिओतील प्रतिध्वनीही वाद्यांच्या वाट्याला जातो आणि गायिका कोरडी, उघडी पडते. म्हणून मी सुट्या आवाजाखाली मूळ अखंड गाणे अगदी हलके, जेमतेम ऐकू येईल इतके, चालू ठेवतो. त्याने खरखर झाकली जाते आणि खोलीची हवा परत येते. मूळ ध्वनिमुद्रणात तळाचा आवाज तसाही कमीच असतो, त्यामुळे तुमच्या बेसला जागा आयती मिळते. मधल्या उंचीच्या स्वरांचा पट्टा मात्र गळ्याचा आहे, तिथे सिंथ (सिंथेसायझर) भरू नका.

दुसरी अडचण मॅशअपची, म्हणजे दोन गाणी एकमेकांत मिसळण्याची. पट्टी जुळल्याचा सॉफ्टवेअरचा दाखला खोटा नसतो, अपुरा असतो. पेटी काढा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरा. पांढरी चार (सप्तकातली चौथी पांढरी पट्टी) हा सा धरून वाजवलात तर यमनचे स्वर मिळतात: तीव्र मध्यम, बाकी सारे शुद्ध. त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर पांढरी तीन हा सा धरा: रे, ग, ध, नी कोमल, आणि भैरवी उभी राहते. दोन्हींतले सातही स्वर तेच आहेत. म्हणून यंत्र दोन्ही गाण्यांना एकच खूण देते आणि ‘जुळते’ म्हणते. पण एका गाण्याचे घर पांढरी चार आहे आणि दुसऱ्याचे पांढरी तीन. दोघांचे सा अर्ध्या स्वराच्या अंतरावर शेजारी बसलेले आहेत. एक मुखडा घरी पोहोचतो तेव्हा दुसऱ्याला तो उंबऱ्यावर अडखळल्यासारखा ऐकू येतो. आपला कान स्वरांची यादी ऐकत नाही, तो सा ऐकतो, कारण आपण तानपुऱ्याच्या देशात वाढलो आहोत. मॅशअपसाठी गाणी निवडताना प्रत्येक गाण्याखाली तानपुरा लावून त्याचा सा कुठे आहे ते आधी वहीत लिहा. सा एक असेल तर राग थोडे निराळे असले तरी ओळीला ओळ जोडता येते. सा निराळे असतील तर एक गाणे हलवा, नाहीतर ती जोडी सोडून द्या.

हलवताना एक खबरदारी घ्या. टेप किंवा तबकडीचा वेग कुठेतरी बदललेला असल्यामुळे जुन्या गाण्याचा सा पेटीच्या पट्टीवर सापडेलच असे नाही. वेगात ३ टक्क्यांची वाढ म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा अर्धा भाग. तेवढ्याने सा पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध जाऊन बसतो. तुमचा कीबोर्ड सेंटमध्ये (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकवून गाण्याच्या सुरात आणा. गायिकेला कीबोर्डच्या सुरात ओढायची काहीच गरज नाही.

जगात मॅशअपची दोन टोके एकाच बँडवर पाहायला मिळतात. २००४ मध्ये डेंजर माउस या निर्मात्याने रॅपर जे-झीच्या ‘ब्लॅक अल्बम’मधले बोल आणि बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’मधले तुकडे मिळवून ‘ग्रे अल्बम’ केला, परवानगीशिवाय, आणि हक्कधारक कंपनीने तो थांबवला. दोनच वर्षांनी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचा मुलगा जाइल्स यांनी बीटल्सच्याच मूळ टेप वापरून, सर्वांच्या संमतीने, ‘लव्ह’ केला. कल्पकता पहिल्यात कमी नव्हती. दुसऱ्यांकडे गळा आणि वाद्ये सुट्या ट्रॅकवर असलेल्या मूळ टेप होत्या, एवढेच. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांच्या अशा सुट्या टेप माझ्या हाताला पंचवीस वर्षांत एकदाही लागल्या नाहीत, त्यामुळे आपल्याला डेंजर माउसच्या अडचणीतच काम करावे लागते.

मुखडा चार वेळा आणि अंतरा गायब, हा आपल्या रीमिक्सचा जुना आजार. पण त्याहूनही मला बोचते ते मधले संगीत कापणे. शंकर-जयकिशन किंवा ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतील व्हायोलिनच्या त्या उड्या, मागून येणारे प्रतिसूर हे सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या संयोजकांनी कागदावर स्वरलिपीत लिहून काढलेले आहेत. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकून मुंबईला आलेल्या वादकांची ही करामत आहे. २००३ च्या सुमारास मी असाच एक तुकडा कापून त्या जागी आठ बारचा सिंथ ठेवला होता. स्टुडिओत दुसऱ्या कामासाठी आलेले एक वृद्ध व्हायोलिनवादक मागे उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “छान आहे. फक्त अंतरा आता कुठून येतो ते कळत नाही.” मी चिडलो होतो. रात्री मूळ गाणे परत लावले तेव्हा ध्यानात आले की तो तुकडा मुखड्याच्या सुरातून निघून अंतऱ्याच्या पहिल्या स्वरापर्यंत जिना बांधत होता. मी जिनाच काढला होता. तेव्हापासून मी ठोका बदलतो, बेस बदलतो, पण अंतऱ्यापूर्वीचे निदान शेवटचे दोन बार मूळचेच ठेवतो.

तिसरी अडचण कायद्याची. मी वकील नाही, पण या कामात इतके कळणे भाग पडते. एका गाण्यात तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. शब्द आणि चाल यांचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे टिकतात, आणि रचनाकार दोन असतील तर मागे राहिलेल्याच्या मृत्यूपासून मोजतात. ‘जंगली’ १९६१ चा. ‘चाहे कोई मुझे जंगली कहे’ याचे ध्वनिमुद्रण या हिशेबाने ३१ डिसेंबर २०२१ ला मोकळे झाले. पण शब्द शैलेंद्र यांचे, ते १९६६ मध्ये गेले, म्हणून शब्दांची मुदत २०२६ अखेर. चाल शंकर-जयकिशन यांची. जयकिशन १९७१ मध्ये गेले आणि शंकर १९८७ मध्ये, म्हणजे चालीचा हक्क २०४७ अखेरपर्यंत आहे. ‘साठ वर्षे झाली, गाणे सर्वांचे’ हे तुम्हाला सांगणाऱ्याने तीनांपैकी एकच गोष्ट मोजली आहे.

‘मग २००२ च्या आसपास रीमिक्सचा पूर कसा आला होता?’ हा पुढचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तेव्हा कायद्यात कलम ५२ (१) (जे) होते. पहिल्या ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटल्यावर नोटीस आणि ठरावीक मानधन देऊन तेच गाणे नव्याने गाऊन घेण्याची मुभा त्यात होती. मूळ ध्वनिमुद्रण मात्र वापरता येत नसे. त्या काळातील बहुतेक रीमिक्समध्ये लताबाई-आशाबाईंच्या जागी नवे गळे का आहेत, याचे कारण हेच. १९७२ च्या ‘समाधी’मधले राहुलदेव बर्मन यांचे ‘कांटा लगा’ २००२ मध्ये आले तेही नव्या आवाजात. २०१२ च्या दुरुस्तीने हे कलम काढले आणि ३१ सी आणले. आता पाच वर्षे थांबावे लागते, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल शब्दांत किंवा चालीत करता येत नाही. ही शेवटची अट आली आणि या वाटेने रीमिक्स करणे संपले. त्यानंतर जुन्या गाण्यांचे हक्क ज्यांच्या तिजोरीत आहेत त्या कंपन्याच नव्या चित्रपटांसाठी त्यांची पुनर्निर्मिती करू लागल्या. तुमच्या-माझ्यासारख्याला मूळ आवाज वापरायचा असेल तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि शब्द-चालीच्या हक्कधारकांची अशा दोन्ही परवानग्या लागतात. पट्टी थोडी वर नेऊन यूट्यूबच्या ओळख यंत्रणेला चकवता येते, असा समज मनात असेल तर तो सोडा. गाणे बहुतेकदा ओळखले जाते आणि त्याचे उत्पन्न मालकाकडे वळते, किंवा आवाज बंद होतो.

नाव न देणे किती महागात पडते याचे एक उदाहरण आपल्याच गाण्याचे आहे. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ गाजले. त्यात निर्माता डीजे क्विकने १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातील लताबाईंचा आवाज, ‘थोडा रेशम लगता है’, सरळ वापरला होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव कुठेच नव्हते. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ मध्ये आदेश दिला की लाहिरी यांचे नाव छापल्याशिवाय तो अल्बम विकता येणार नाही. तोवर आपल्याकडच्या लोकांनी त्याच अमेरिकन ठोक्याच्या धर्तीवर ‘कलियों का चमन’ हा त्याच गाण्याचा रीमिक्स काढून लग्नाच्या वरातींत वाजवायला सुरुवातही केली होती. गाणे मुंबईहून लॉस एंजेलिसला गेले आणि तिकडचा ठोका लावून परत आले.

तुमच्यासाठी व्यवहार्य मार्ग असा आहे. मूळ ध्वनिमुद्रण वापरूच नका. तुमच्याकडे ऑर्केस्ट्रा आहे, गायक आहेत, मग मुखडे आणि अंतरे तुमच्या गायकांकडून गाऊन घ्या, मधले तुकडे व्हायोलिनवर वाजवा, आणि कार्यक्रमात गाणी सादर करण्याचे परवाने आयोजकांनी काढले आहेत की नाहीत हे करारावर सही करण्यापूर्वी विचारा. फाइल इंटरनेटवर चढवायचा विचार असेल तर तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याची परवानगी तुम्हाला वेगळी घ्यावी लागेल. तुम्ही पाठवलेल्या यादीतील तिसरे आणि पाचवे गाणे एकाच सा मध्ये आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. दुसरे दादऱ्यात आहे, तुम्ही ते केहरव्याच्या लूपवर ठेवले आहे. ते सोडवून पुन्हा बसवा, आणि मग मला ऐकवा.